वाई-पाचगणी-महाबळेश्वर सायकल सहल: दिवसा घाट, संध्याकाळनंतर काय?

रानवाट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा मित्र पुण्याहून सायकलवर महाबळेश्वरला निघतोय. मंगळवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत परत यायचं. चार हायब्रिड, एक रोड बाइक, एक एमटीबी (डोंगरी सायकल). कात्रज आणि सिंहगड सगळ्यांनी केलेत, पण सलग चार-पाच दिवस सायकल कुणीच चालवलेली नाही.

घाटांची माहिती बऱ्यापैकी मिळाली. संध्याकाळ आणि रात्रीबद्दल मात्र नीट कुठेच सापडत नाही. मुक्काम बाजारात करावा की लांब शांत ठिकाणी? वेण्णा तलावापर्यंत रात्री सायकल काढता येईल का? पॉइंट किती वाजेपर्यंत बघता येतात? सायकली रात्री कुठे ठेवायच्या? आणि रात्री गप्पा मारत बसून सकाळी पुन्हा चढ चढायचा, हे कसं जमवतात? सगळे तिशीतले आहेत, थोडी मजाही करायची आहे.

घाटमाथा

आधी मुक्काम ठरवा, बाकीचं त्यावर बसतं. रोज नवं गाव घेतलं की संध्याकाळ बॅगा सोडण्यात आणि कपडे वाळत घालण्यातच जाते. सामान घेऊन घाट एकदाच चढा आणि वर सलग दोन रात्री काढा. मंगळवारी वाई, बुधवार-गुरुवार महाबळेश्वर, शुक्रवारी भिलार, शनिवारी पुणे.

पुणे-वाई ८५ ते ९० कि.मी. पडतं. पहाटे साडेपाचला निघा, कात्रजला जुन्या घाटाचा रस्ता धरा, नाश्ता शिरवळला. खंबाटकी घाट दहाच्या आत संपवा. उन्हापेक्षाही तिथे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या ट्रकांचा धूर जास्त दमवतो. सुरूर फाट्याला उजवीकडे वळलात की उरलेला रस्ता निवांत आहे.

बुधवारी पसरणी घाट. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १,२९० च्या आसपास, म्हणजे १२ कि.मी.मध्ये ६०० मीटरला थोडं कमी, सरासरी पाच टक्के चढ. पुढे पेडलजवळ ३४ दातांची चेनरिंग आणि मागे ३२ दातांची चक्री असेल, तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी ८ कि.मी. वेग पडतो. घाटाला दीड तास धरा. मागे २८ च असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी ९ च्या वर जावं लागतं, आणि सामान लादलेलं असताना गुडघ्यांना ते झेपत नाही. रोड बाइकवाल्याने निघण्याआधी कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बघून घ्यावी आणि त्याचं सामान एमटीबीवाल्याच्या कॅरियरवर द्यावं. दोन्ही बाटल्या वाईतच भरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. ७५० मि.ली.च्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की पाणी खारट होतं, तहान वाढते आणि वर मळमळतं. पाऊण पाकीटच घाला.

पाचगणी-महाबळेश्वर १९ कि.मी. नकाशावर सपाट वाटतात, पण रस्ता सतत चढ-उताराचा आहे. पसरणी चढल्यावर 'आता संपलं' असं वाटून लोक इथेच मोडतात. पाचगणीत पोटभर खाऊनच पुढे निघा.

आता संध्याकाळ. महाबळेश्वरात एसटी स्टँडपासून पायी दहा मिनिटांच्या आत खोली घ्या. पाचगणी रस्त्यावरची आणि तलावाजवळची हॉटेलं शांत असतात, काही स्वस्तही पडतात. पण मग रोज रात्री दोन-तीन कि.मी. अंधाऱ्या रस्त्याने यावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी कुणी बाहेर पडायलाच तयार होत नाही. फोनवरच विचारा: तळमजल्याची खोली मिळेल का, आणि सायकली खोलीत घेऊ द्याल का? हँडलचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) सैल करून हँडल आडवं केलं की एका खोलीत दोन सायकली भिंतीला लागून मावतात. खाली वर्तमानपत्र अंथरा. लाल माती फरशीवर लागली की कुठलाही मॅनेजर दुसऱ्या रात्री सायकली आत घेऊ देत नाही.

खोलीवर पोचल्यावर आधी खा, मग आंघोळ, मग चाळीस मिनिटं झोप. हा क्रम चुकवला की आठला सगळे आडवे होतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त बघायचा तर पाचला निघा. परतताना झाडीत झपाट्याने अंधार होतो आणि परतणाऱ्या गाड्या एकदमच सुटतात. सायकलने गेलात तर दिवे लावूनच आणि एका रांगेत या. पॉइंट जंगलात आहेत. सूर्यास्तानंतर तिथे थांबायचं नाही.

बाजाराची खरी वेळ साडेसात ते दहा. चणे-फुटाण्यांच्या पाट्या, चपलांची दुकानं, फुगे फोडायच्या बंदुका, जेलीच्या गोळ्या, मध, जॅम, आणि चौकाकडे जाताना मक्याच्या पॅटीसचा वास. सहाजणांनी एकत्र फिरलं तर दीड तास आरामात जातो. जेवणाची ऑर्डर नऊच्या आत द्या, नंतर निवड कमी होत जाते. स्ट्रॉबेरी-क्रीम दुपारी खा. रात्री दहाला एवढी साय पोटात गेली की सकाळी पहिल्याच चढाला ती आठवण करून देते.

गुरुवारी सामान खोलीवर ठेवून क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट. जायला १२-१३ कि.मी., तेवढंच यायला. साडेसातला निघा, म्हणजे टॅक्स्या यायच्या आत पोचाल. पंचगंगा मंदिर वाटेवरच आहे. तिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. गोमुखातलं पाणी बघायला दहा मिनिटं थांबाच. आर्थर सीटला सायकल सोडून जाताना हँडलबॅग काढून बरोबर घ्या. तिथली माकडं बॅगेची चेन उघडतात, आणि ती अडकली तर कापड फाडतात. पिशवीत केळं किंवा चिक्की असली तर हमखास.

दातेरी

+१, मुक्कामाबद्दल घाटमाथा यांच्याशी पूर्ण सहमत. रात्री सायकल काढण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: काढू नका.

बाजार ते वेण्णा तलाव या रस्त्याच्या कडेला जागा नाही. डांबराची कड कुठे कुठे मातीपासून तीन-चार इंच उंच आहे. समोरून अप्पर (प्रखर दिवा) मारत गाडी आली की डोळे दिपतात, माणूस डावीकडे सरकतो, पुढचं चाक कडेवरून खाली उतरतं आणि परत वर घेताना सायकल आडवी होते. रात्री पडलेले बहुतेक असेच पडतात, वेगामुळे कमी. शिवाय वेण्णा ते लिंगमळा पट्ट्यात अंधार पडल्यावर गवे रस्ता ओलांडतात. गवा दिसला तर थांबा. घंटी वाजवू नका, दिवा त्याच्या डोळ्यांवर धरू नका, फोटोसाठी पुढे होऊ नका. एक गेला म्हणून लगेच निघूही नका, मागे कळप असतो.

तलावाला जायचंच तर एसटी स्टँडजवळून टॅक्सी करा. टॅक्सी संघटनेचे दर ठरलेले असतात, फलक बघून बोला. आणि तिथे बाजारापेक्षा जास्त कपडे घालून जा. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतरून तलावाच्या खोलगट भागात साचते. 'वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले' ही दर थंडीतली बातमी त्यामुळेच तिथली असते, बाजारातली नसते.

संध्याकाळी उशीर होणार हे गृहीत धरून दिवे मात्र घ्याच. पुढे ४०० ल्यूमेन पुरे. जास्त लावलात तर धुक्यात प्रकाश उलटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. धुक्यात दिवा हँडलवरून काढून शक्य तितका खाली, पुढच्या चाकाच्या फोर्कजवळ बांधा. मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. धुक्यात लुकलुकत्या दिव्याचं अंतर मागच्या ड्रायव्हरला कळत नाही. पॉवर बँक रात्री थंड फरशीवर न ठेवता अंथरुणाजवळ ठेवा.

आता ज्याने तुमच्या शनिवारची वाट लागू शकते ते: ब्रेक. पसरणी उतरायला पंचवीस मिनिटं लागतात. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासणारे) असतील आणि भीतीने मागचा ब्रेक सतत दाबून ठेवलात तर रिम इतकी तापते की रिम टेप सरकते, ट्यूब स्पोकच्या भोकात फुगते आणि फुटते. आवाज बंदुकीसारखा होतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, वळणात सोडा, सरळ रस्त्यावर रिम थंड होऊ द्या. मध्यावर एकदा पाच मिनिटं थांबा. डिस्क ब्रेक असेल तर थांबल्यावर रोटरला (चाकावरच्या धातूच्या चकतीला) बोट लावून बघू नका, चटका बसतो. निघण्याआधी पॅडवरच्या खाचा बघा. त्या दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला आणि एक जादा जोडी बरोबर ठेवा. सगळ्यांचे पॅड सारखे नसतात, म्हणून सहा सायकलींचे नमुने आधीच लिहून ठेवा.

थंडीचंही गणित आहे. हवा १० अंश आणि उतरण्याचा वेग ताशी ४० असला की अंगाला ती सहा अंशांसारखी लागते, आणि बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला हे कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. विंडचीटर विसरला असेल तर वर्तमानपत्राची जाड घडी जर्सीच्या आत छातीवर घाला, खाली पोचल्यावर काढा.

कृष्णाकाठ

घाटमाथा यांनी वाईला नुसतं झोपायचं गाव करून टाकलंय, ते पटलं नाही. ☺

तुम्ही दुपारी एकपर्यंत वाईत पोचता. जेवा, दोन तास झोपा. चारला मेणवलीला जा. तीनच कि.मी. आणि सपाट, पायांना बरंच वाटेल. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा अर्धचंद्राकार घाट आणि देवळातली ती मोठी घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. जवळ जाऊन बघा: वर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. तिरपं ऊन पडलं की ती आकृती उठून दिसते, भर दुपारी नाही. म्हणूनच चारची वेळ सांगितली.

साडेपाचपर्यंत परत येऊन ढोल्या गणपतीच्या घाटावर बसा. १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पुढून दर्शन घेऊन परत फिरणाऱ्यांना ती दिसतच नाही, बाजूने वळसा घालून मागे जा. दिवेलागणीला पायऱ्यांवर बसलात की दुसरं काही करायची गरज उरत नाही. माघाच्या सुमारास येणार असतात तर कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवातली कीर्तनंही ऐकायला मिळाली असती. एका घाटाचा उत्सव संपला की पुढच्या घाटाचा सुरू होतो. डिसेंबरात ते नाही. जानेवारीत यायचं ठरलं तर पौष पौर्णिमेच्या आजूबाजूचे दिवस टाळा. मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेमुळे वाईत खोल्या मिळत नाहीत.

रात्री भाकरी, पिठलं, भात असं साधं आणि आठच्या आत जेवा. दुसऱ्या दिवशीची पसरणी त्यावरच चढायची आहे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वाईचा मुक्काम आता उलट लांबवावासा वाटतोय. अजून तीन गोष्टी. आमच्यातल्या दोघांना कोयना जलाशयाकाठी तापोळ्याला तंबूत राहायचंय. एकाला प्रतापगड रात्री बघायचाय. आणि शेकोटी आणि थोडी बिअर हे सगळ्यांनाच हवंय. काय शक्य आहे?

घाटमाथा

तापोळा या वेळी सोडा. महाबळेश्वरपासून २५-२८ कि.मी. आहे आणि जवळजवळ सगळा उतार. कोयनेच्या जलाशयाची पूर्ण पातळी ६५९ मीटर, महाबळेश्वर १,३५० च्या वर. म्हणजे सकाळी तंबूतून उठून पसरणीपेक्षा जास्त चढ तुमची वाट बघत असतो, तोही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तापोळ्याला दोन रात्री देता येत असतील तरच जा, म्हणजे मधल्या दिवशी बोटीने फिरता येईल.

प्रतापगडही सायकलने नको. पायथ्याच्या कुंभरोशीपर्यंत उतार आणि मग गडाकडे चढ, आणि परतीला आंबेनळी घाटाचा अख्खा चढ. गुरुवारी दुपारी टॅक्सी करून जा, साडेपाचपर्यंत गडावरून निघा. रात्रीचा गड म्हणजे नवरात्रातल्या चतुर्थीची रात्र, तेव्हा तटबंदीवर शेकडो मशाली पेटवतात. त्यासाठी आश्विनात वेगळे या, तेही गाडीने. त्या रात्री घाटात सायकलला जागा नसते.

शेकोटी जंगलात किंवा पॉइंटवर पेटवायची नाही. हॉटेलला किंवा घरगुती मुक्कामाला आधी सांगितलं तर अंगणात लोखंडी घमेल्यात लाकडं लावून देतात. लाकडाचे पैसे वेगळे असतात का ते आधीच विचारा. बसताना विंडचीटर काढून ठेवा, सुती किंवा लोकरीचं काही घाला. नायलॉनवर ठिणगी पडली की वाटाण्याएवढं भोक पडतं, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरताना वारा नेमका तिथूनच शिरतो. ओले बूट शेकोटीजवळ वाळवायला ठेवू नका. तळव्याचा गोंद सुटतो, आणि क्लीटवाला (पेडलला अडकणारा) बूट असेल तर पेडल मारताना तळवा वेगळा होतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत वाळतात.

बिअर गुरुवारी. शुक्रवारी अंतर कमी आहे, म्हणून ती एकच रात्र मोकळी धरा. बुधवारी नको, कारण चढून आल्यावर शरीरातलं पाणी आधीच कमी असतं आणि एका बाटलीतच डोकं जड होतं. प्रत्येक बाटलीमागे अर्धा लिटर पाणी, आणि झोपण्याआधी लघवीचा रंग फिकट झाला पाहिजे. शनिवारच्या आदल्या रात्री थेंबही नको. सकाळीच पसरणी उतरायची आहे आणि रात्रीची दारू तोवर पूर्ण उतरलेली नसते.

मृगशीर्ष

शुक्रवारच्या भिलारला माझा जोरदार पाठिंबा. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. महाबळेश्वरहून अंतर फार नाही, वाटेत लिंगमळा आणि गुरेघर होतं. दुपारी दोनपर्यंत पोचलात तर उजेडात तीन तास वाचायला मिळतात. गावात घरगुती मुक्काम मिळतो, भोवती स्ट्रॉबेरीची शेतं. वाफ्यांवर प्लॅस्टिक आणि ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात, फोटोसाठी त्यात पाय टाकू नका.

आणि रात्री आकाश बघा. महाबळेश्वरच्या बाजारापेक्षा इथे उजेड खूपच कमी. डिसेंबरात आठपर्यंत मृग नक्षत्र पूर्वेला नीट वर आलेलं असतं. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री शिखरावर असतो, आधीच्या दोन-तीन रात्रीही उल्का दिसतात. दहानंतर घराच्या गच्चीवर पाठीवर आडवे व्हा, दुर्बीण लागत नाही. मोबाइल बघायचा नाही; डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन पाहिली की ती पुन्हा मोजायची. सायकलचा मागचा लाल दिवा अगदी मंद करून ठेवला तर चालतो, लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. चंद्र कधी उगवतो ते पंचांगात आधी बघा. गच्चीवर नुसती चटई पुरत नाही, थंडी खालून लागते. घोंगडं मागून घ्या.

दातेरी

शनिवारचं राहिलं होतं. भिलारहून साडेसहाला निघू नका, सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि घाटात दवामुळे रस्ता ओला असतो. सव्वासातला निघा, टायरमध्ये हवेचा दाब नेहमीपेक्षा पाच पीएसआय कमी ठेवा. परतीला महामार्गावर खंबाटकीचा बोगदा लागतो. तोंडाशी थांबा, गॉगल काढा, मागचे दिवे लावा आणि सहाही जण एका रांगेत एकत्रच आत जा. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिले काही सेकंद तुम्हालाही दिसत नाही आणि मागच्या ड्रायव्हरलाही.

कुणाचा गुडघा बोलायला लागला तर हट्ट नको. वाईहून पुण्यापर्यंत छोटा हत्ती टेम्पो मिळतो, सहा सायकली मावतात. उभ्या भरा, एक पुढे तोंड करून तर दुसरी मागे, मध्ये घोंगड्या किंवा पुठ्ठे. गिअरची बाजू कधीही दुसऱ्या सायकलीला टेकू देऊ नका. डिरेल्युअर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग धरणारी पट्टी) वाकला तर घरी पोचल्यावर पहिल्याच चढाला चेन स्पोकमध्ये जाते.